दाराला लावलेली खाट

मारुतीची तसबीर घराबाहेर, फाटकाच्या खांबावर टांगलेली मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली. साताऱ्यात बी.एड.ला असताना मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते, त्या घराच्या मालकीणबाईंनी ती तिथं लावली होती. आत सगळ्या पोरी आणि हा बिचारा ब्रह्मचारी. त्याला बायकांत बसवून कशाला अवघडवायचं, असं त्यांचं म्हणणं. गणपतीला मात्र आत मुभा होती. "त्यो बारकं प्वार हाय," त्या म्हणायच्या, "आईच्या मागंमागं फिरतंय. त्याला चालतंय."

आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. गल्ली त्यांना फौजीणबाई म्हणायची, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नवरा फौजेत होता आणि ऐन तरुणपणी तिकडंच गेला. घर छोटं, खोल्या मोजक्या, त्यांत आम्ही बाहेरगावच्या शिकणाऱ्या मुली. आणि घराचा नियम एकच, की बापय माणूस फाटकाच्या आत येणार नाही. बाप नाही, भाऊ नाही, मामा नाही, कुणीच नाही.

आता असे नियम पुष्कळ ठिकाणी पाटीवर लिहिलेले असतात. आक्कांकडं पाटी नव्हती, त्या स्वतः होत्या. गॅसवाला सिलिंडर फाटकाशी ठेवून हाक मारायचा आणि आम्ही दोघी-दोघी मिळून ते गडगडत आत न्यायचो. नळ गळला की पाना आम्हीच घ्यायचो. मीटर वाचायला माणूस आला की आक्का स्टुलावर चढून आकडे मोठ्यानं ओरडून सांगायच्या आणि तो बाहेर उभा राहून ऐकून घ्यायचा. एकदा मला तापात चक्कर आली, तर पोरींकडून मला खाटेसकट अंगणातून फाटकापर्यंत उचलून आणवलं. डॉक्टरांनी फाटकावरून वाकून माझी छाती तपासली. डॉक्टर हसत होते. आक्का हसत नव्हत्या. "लांब श्वास घे म्हणत्यात त्ये, घे की," एवढंच म्हणाल्या.

नवऱ्याचा फोटोसुद्धा ओट्यावर होता, गणवेशातला, फाटकाकडं तोंड करून. मी नवी होते तेव्हा न राहवून विचारलं, "आक्का, हे पण बाहेरच?"

"त्यांना आत यायची परवानगी हुती गं," त्या म्हणाल्या. "त्येच आले न्हाईत. आता ड्युटीवर हायत." आणि पदराच्या टोकानं काच पुसून कामाला लागल्या. थंडीत त्या साडीवर त्याच माणसाचा फौजी स्वेटर घालायच्या, कोपरावर भोक पडलेला, आणि त्या अवतारात फाटकाशी उभ्या राहिल्या की कुत्रीसुद्धा गल्लीची बाजू बदलून जायची.

हे खूळ आलं कुठून, ते त्यांनी एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता. नवरा गेल्यावर दीर घरात शिरले होते. घर आमचं, तू माहेरी जा, म्हणत होते. पुढचं सगळं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदलं नाही. इतकंच म्हणाल्या, "लय दिस दाराला आतनं खाट लावून निजत हुते. कडी हुती, पण कडीवर जीव ठरत न्हवता. एक दिस उठले, खाट बाजूला केली आन् उंबऱ्यावर जाऊन बसले. त्ये आजून उठले न्हाई." मेथीच्या काड्या वेगळ्या करत त्या हे सांगत होत्या आणि माझ्या हातातली जुडी तशीच राहिली होती.

त्या घराचा दुसरा रिवाज रविवारचा. सकाळी ओट्याच्या पायऱ्यांवर आम्ही एकीमागं एक बसायचो आणि प्रत्येकीनं पुढचीच्या डोक्याला तेल लावायचं. सगळ्यांत नवी सगळ्यांत पुढं, आणि सगळ्यांत मागं, भिंतीला पाठ लावून, आक्का. त्यांच्या मागं कुणी नसे, त्यामुळं त्यांच्या डोक्याला कुणाचाच हात लागत नसे. त्यांचे केस आम्ही कधी पाहिलेच नव्हते. पदर कायम डोक्यावर.

त्या वेळी गल्लीतनं जाणारे बापय लोक आपोआप तोंड फिरवायचे. दूधवाला किटली ठेवताना समोरच्या भिंतीकडं बघत ठेवायचा. हे काही आक्कांनी शिकवलेलं नव्हे, आमच्या मुलखातली ही जुनी रीत आहे. आमच्या कवठे महांकाळकडं आजोबा अंगणात यायच्या आधी खाकरायचे, आणि कुणा बाईचे केस मोकळे दिसले की खांद्यावरचं घोंगडं सावरत आल्या पावली माघारी जायचे, मग ती सून असो की भिंतीपलीकडची म्हातारी. घरच्या बायकांच्यात बाईनं केस सोडावेत, पण बापयानं तिथं उभं राहू नये.

स्वाती आली ती कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत, भर दुपारी. उंच, रुंद खांद्यांची, अंगात साधा पंजाबी ड्रेस, आणि आवाज जाडाभरडा. फाटकाला हात न लावता ती बाहेरच उभी राहिली. आम्ही जिन्यात जमलो. आक्का ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"खोली पायजे हुती," ती म्हणाली. "पन आधी सांगते, मग दार उघडायचं का न्हाई ते तुमी ठरवा. मी पोरगा म्हणून जन्माला आले. पलूसकडची हाय, घरात समदी फौजी. मलाबी भरतीसाठी रोज पळवायचे. आता नर्सिंगला हाय. डॉक्टरकडं जाते. त्यांनी सांगितलंय, मी खुळी न्हाई."

जिन्यात कुणीतरी श्वास ओढला, तो बहुधा माझाच. आता आक्का फुटणार, असं वाटून मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ज्या बाईनं मारुतीला बाहेर ठेवलं ती हिला काय करेल?

आक्का शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे काय हुतं तुला?"

"घरच्यांनी नावानं हाक मारली का मी मागं वळून बघायची," स्वाती म्हणाली, "माझ्या मागं दुसरं कोन हुबं हाय का म्हणून. ल्हानपणापास्नं. आरशात बी तसंच."

"ह्याच्या आधी कुठं ऱ्हात हुतीस?"

"पोरांच्या होस्टेलात."

"मग?"

स्वातीनं खाली बघितलं. "दाराला आतनं खाट लावून निजायची."

आक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कडी न्हवती?"

"हुती की. पन झोप यीना."

आक्का उठल्या. मांडीवरची टरफलं झटकली, अंगणातनं चालत गेल्या आणि फाटकाची कडी काढली. आत घेताना एवढंच विचारलं, "भाकरी येती का?" ती येते म्हणाली. रात्री केलेल्या भाकरीचा आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा होता, पण त्यावर आक्का चक्क काही बोलल्या नाहीत.

बोललो आम्हीच, आपापसात. भीती वाटत होती, हे खरं सांगायला हवं. न्हाणीघर एक, दोऱ्या एक, जिना एक. माझ्या खोलीतली विद्या तर रडायलाच लागली. ती आमच्यातली सगळ्यांत धाकटी, तिच्या वडिलांनी लेकीला घराबाहेर ठेवायचं धाडस याच एका घराच्या भरवशावर केलेलं. शेवटी तिनं आक्कांना विचारलं, "आवं आक्का, तुम्ही तर गॅसवाल्याला पण आत घेत नाही. हिला कसं घेतलं?"

"बापयाला कडी पुरती," आक्का म्हणाल्या. "खाट बाईच लावती."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ ठिकाणी पुष्कळ लोकांना सांगून पाहिलं आहे. बायका ऐकतात आणि गप्प होतात. बापय मात्र विचारतात, खाट म्हणजे काय?

त्याच सुमारास टीव्हीवर हा विषय उकळत होता. रोज संध्याकाळी चौकटी-चौकटीत बसून माणसं भांडायची, बाई कुणाला म्हणायचं, कुणी कुठल्या संडासात जायचं, कायदा काय, धर्म काय, विज्ञान काय. आक्का भाकऱ्या थापत ते ऐकायच्या. "तोंडं एवढी आन् कान एक बी न्हाई," म्हणून बंद करायला लावायच्या. बाहेर पानटपरीवर तोच कार्यक्रम जाहिरातींशिवाय चालायचा. फोनवर आलेले संदेश गल्लीभर फिरायचे. फौजीणबाईंच्या घरात एक घुसलाय, इथपासून पाच-सहा घुसलेत, इथपर्यंत गोष्ट वाढली. एका पोरानं फाटकापुढं उभं राहून फोनवर बातमी केली. आक्कांनी त्याच्या अंगावर धुण्याचं पाणी टाकलं आणि मग "आरं, दिसला न्हाईस" म्हणून पुसायला फडकंही दिलं.

पहिल्या रविवारी स्वाती सगळ्यांत पुढं बसली. रीतीप्रमाणं तिच्या मागं विद्या यायला हवी, कारण तिच्याआधी नवी तीच. विद्याचं डोकं दुखायला लागलं, ती वर गेली. दुसरीला अभ्यास आठवला. आम्ही उरलेल्या एकमेकींकडं बघत राहिलो. स्वातीचे केस जेमतेम मानेपर्यंत वाढलेले, आणि ती ताठ बसून समोरच्या भिंतीकडं बघत होती. तिची पाठ बघूनच कळत होतं, की हिला मागं वळून बघायचं आहे आणि ती बघत नाही. तेव्हा आक्का मागनं उठल्या, तेलाची वाटी घेऊन पायऱ्या उतरल्या आणि तिच्या मागं बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जागा सोडली. "पोरी, दोन म्हैन्यात येनी यील बघ," म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या रविवारी विद्याचे वडील आले. साखर कारखान्यात कामाला, भला माणूस, मोठ्यानं कधी बोललेला नाही. त्यांच्याबरोबर आणखी दोघींचे वडील, गल्लीतले चार वडीलधारे, आणि फोन घेऊन तो पाणी पडलेला पोरगा. सगळे फाटकाबाहेर उभे. आम्ही पायऱ्यांवर, तेलाच्या वाट्या हातात, केस अजून कुणी सोडले नव्हते. स्वाती आत पळणार होती, आक्कांनी डोळ्यांनीच तिला थांबवलं.

"आक्का," विद्याचे वडील म्हणाले, "तुमच्या घरात बापय न्हाई म्हणून तर पोरगी ठिवली. दुसरीकडं कुठं ठिवली नसती. आता मी घरी काय सांगू?"

"सांगा की, न्हाई म्हणून."

"आवं पन हाय की!" गल्लीतले एक आजोबा मध्ये पडले. "फौजीणबाई, आज हिला घेतलीसा. उद्या कोन बी साडी नेसून यील आन् म्हनंल मी बाई हाय. मग?"

हा प्रश्न टीव्हीवरही रोज असायचा आणि तिथं त्याचं उत्तर कधीच ऐकू यायचं नाही, कारण तोवर सगळे एकदम बोलायला लागलेले असायचे. इथं ते ऐकू आलं.

"यील की," आक्का म्हणाल्या. "आला तर दारात मीच आसनार. आन् एक सांगू का? माझ्या दारात जे घुसले हुते, त्यातलं कुनी साडी नेसून आलं न्हवतं. धोतरात आले हुते. तुमच्याच वट्यावर च्या पिऊन आले हुते. तवा ह्यो इचार कुनी केला न्हाई."

आजोबा खाली बघायला लागले. पण विद्याचे वडील हलले नाहीत. "त्ये खरं आसंल," ते म्हणाले, "पन मी बाप हाय आक्का. मला भ्या वाटतंय. तुमी म्हंता ही बाई, डॉक्टर म्हंतो बाई, मला कसं कळावं? मला कायतरी दावा. न्हाईतर आजच्या आज हिला काढा, न्हाईतर आमच्या पोरी तरी आमी नेतो."

मला वाटलं, आता संपलं. एकतर स्वाती रस्त्यावर, नाहीतर आक्कांचं घर रिकामं. स्वाती पुटपुटली, "मी जाते आक्का." तिनं ओढणी सावरली आणि एक पायरी उतरलीसुद्धा.

"बस खाली," आक्का म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तेल दे तिच्या हातात."

मी दिलं. आक्का भिंतीपासनं उठल्या, सगळ्या पायऱ्या उतरून सर्वांत खालच्या पायरीवर, फाटकाकडं तोंड करून बसल्या, स्वातीच्या पुढं. सगळ्यांत नवीच्या जागेवर. आणि त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. अंबाड्याचा एकेक आकडा काढून मांडीवर ठेवली आणि केस सोडले.

पांढरे शुभ्र, विरळ, पण कमरेच्याही खाली. इतकी वर्षं ज्या बाईचा माथा कुणी बघितला नाही, ती भर सकाळी, भर गल्लीत केस सोडून बसली होती.

आणि फाटकाबाहेर काय झालं? सगळे वळले. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. आजोबा खाकरत वळले, दोघींचे वडील वळले, विद्याचे वडील वळले. फोनवाल्या पोरानं फोन खिशात टाकला आणि तोही वळला, शेवटी तोही इथलाच. फाटकापलीकडं नुसत्या पाठी उभ्या होत्या.

"लाव गं तेल," आक्का म्हणाल्या. स्वाती हलक्या हातानं लावायला लागली. "जोरात चोळ. भाकरीचं पीठ मळतीस त्येवढा तरी जोर लाव." मग त्या पाठींकडं बघून, आवाज जराही न चढवता, म्हणाल्या, "दाव म्हंत हुता न्हवं? घ्या. मी केस सोडलं आन् हितलं जेवढं बापय हुतं तेवढं माघारी वळलं. ही न्हाई वळली. हिचं हात माझ्या डोस्क्यात हायत आन् मला लाज वाटंना. मी हयातभर बापय भाईर ठिवल्यात. कोन बापय हाय आन् कोन न्हाई, त्ये तुमी मला शिकवायचं न्हाई."

यावर कुणी काय बोलणार? बोलायचं तर वळायला हवं, आणि वळता येत नव्हतं. आक्कांना कसली घाई नव्हती. त्यांनी सावकाश तेल जिरवून घेतलं, गुंता काढून घेतला, मध्येच "हितं कोंडा झालाय का गं बघ" असंही विचारलं. एकेक पाठ गल्लीच्या टोकाला जाऊन दिसेनाशी झाली. स्वातीच्या डोळ्यांतलं पाणी आक्कांच्या केसांत पडत होतं आणि ती ते तेलाबरोबर चोळत होती. आम्ही पायऱ्यांवर बसलेल्या सगळ्या रडत होतो. कोरड्या डोळ्यांच्या एकट्या आक्का.

शेवटपर्यंत उभे राहिले ते विद्याचे वडील. पाठ करूनच म्हणाले, "आक्का, तुमचं चुकलं आसं मी म्हंत न्हाई. पन पोरगी नेतो."

"न्या," आक्का म्हणाल्या. "तिची खाट रिकामीच ठिवते."

विद्या गेली. आणखी एक गेली, ती कायमचीच. काही दिवस गल्लीतल्या बायकांनी आक्कांना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तसं त्या विधवा म्हणून पूर्वीही बोलावत नव्हत्याच, तेव्हा त्यांचं काही अडलं नाही. पानटपरीवरची चर्चाही संपली असं नाही, फक्त फाटकासमोरनं जाताना तिचा आवाज कमी व्हायचा. दिवाळी झाल्यावर एका सकाळी विद्या बॅग घेऊन दारात उभी. वडील सोडायला आलेले, आणि फाटकाकडं पाठ करूनच उभे होते, कुणी केस सोडले नसतानाही. परत येणारी ती नवी, असा आक्कांनी निकाल दिला, त्यामुळं विद्या सगळ्यांत पुढं बसली. तिच्या मागं कोण, हे सांगायला नकोच. स्वातीनं तिची वेणी इतकी घट्ट घातली की दिवसभर तिच्या भुवया वर गेलेल्या होत्या.

मी पुढं तासगावला शिक्षिका झाले, तिथल्याच द्राक्षबागायतदाराशी लग्न केलं. नवरा चांगला आहे, पण त्याला संध्याकाळी टीव्हीपुढं बसून देश चालवायची सवय आहे. हा विषय निघाला की तो तावातावानं सांगतो, ही सगळी थेरं आहेत, माणूस बघितल्याबरोबर कळतो. मी वाद घालत नाही. आक्कांच्या घरात राहून एक शिकले, की बेदाण्याच्या शेडसमोर उभं राहून द्राक्षांवर भाषण करायचं नसतं, चार दाणे तोंडात टाकायचे असतात.

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला जाणं झालं. स्वाती आता तिथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे, पण राहते आक्कांकडंच, कारण आक्कांना आता दिसत नाही. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. फाटक स्वातीनंच उघडलं. लांब वेणी, चुरगळलेली कॉटनची साडी. मला मिठी मारली आणि माझ्यामागनं बेदाण्याची पेटी घेऊन आत पाऊल टाकणाऱ्या माझ्या नवऱ्यापुढं हात आडवा धरला.

"भाऊजी, तुमी भाईर."

"आवं, एवढी पेटी तरी आत—"

"पेटी द्या. तुमी भाईर. च्या देते हितंच."

तो रणरणत्या उन्हात मारुतीशेजारी उभा राहिला. आत आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर डोक्यावरून खाली, केस मोकळे. स्वातीनं माझ्या आधी त्यांचं तेल पुरं केलं, मग मला पुढं बसवलं. परत येणारी ती नवी.

परतीच्या वाटेवर नवरा बराच वेळ धुमसत होता. शेवटी म्हणाला, "आक्का तुमच्या कशा हायत ठावं न्हाई, पन ती फाटकावरची बाई लय खडूस हाय गड्या. कपबशी बी फाटकावरनं दिली तिनं. आसली बाई मी आजवर बघितली न्हाई."

मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि हसू दाबत राहिले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी पोचल्यावर मात्र राहवेना, आक्कांना फोन लावला आणि तो काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडं स्वाती हसत होती, ते ऐकू येत होतं. आक्का हसल्या नाहीत.

"मग?" त्या म्हणाल्या. "टीव्हीम्होरं बसून न्हाई कळायचं त्याला. दाराभाईर हुबा केला, तवा बरोबर कळलं."